३ टक्के सलाईन, १०० मिलीची बाटली: औषध चोख, वापर जोखमीचा

आत फक्त मीठ आणि पाणी. १०० मिलीत मीठ ३ ग्रॅम, म्हणजे सोडियम सुमारे ५१ मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). तेवढ्याच साध्या सलाईनमध्ये जेमतेम १५. मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्या, म्हणजे सबअरॅक्नॉइड हॅमरेजच्या रुग्णाच्या रक्तातलं सोडियम पहिल्या दहा-बारा दिवसांत घसरतं, तेव्हा या बाटलीला तोड नाही.

कारण त्याच दिवसांत मेंदूच्या धमन्या आकसण्याचाही धोका असतो. एरवी एडीएच (शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन) वाढून सोडियम उतरलं की रुग्णाचं पाणी कमी करतात. इथे ते करू नये: शरीरातलं पाणी घटलं की आकसलेल्या धमनीतून रक्त आणखी कमी जातं आणि इन्फार्क्टची, म्हणजे रक्ताअभावी मेंदूचा भाग मरण्याची, भीती वाढते. त्यात काहींच्या लघवीतून मीठ आणि पाणी दोन्ही वाहून जात असतं. नुसतं साधं सलाईन चढवत राहणंही फसतं. एडीएच जास्त असेल तर मूत्रपिंड त्यातलं मीठ बाहेर टाकतं, पाणी आतच ठेवतं आणि आकडा आणखी खाली येतो.

फिट आली किंवा शुद्ध हरपत चालली तर १०० ते १५० मिली १०-२० मिनिटांत, मग लगेच सोडियम तपासायचं. लक्षणं टिकली तर पुन्हा. अंदाज सोपा आहे: किलोमागे १ मिली दिलं की रक्तातलं सोडियम साधारण लिटरमागे १ मिलीइक्विव्हॅलंटने वाढतं. सुरुवातीला ४ ते ६ ची वाढ पुरते. लक्षणं सौम्य असतील तर पंपावर सावकाश, दर ४-६ तासांनी तपासणी. सोडियम बराच वेळ खाली राहिलं असेल तर २४ तासांत ८-१० च्या वर चढू द्यायचं नाही, नाहीतर ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या बुंध्यातल्या) नसांचं मायलिन, म्हणजे वरचं आवरण, जातं आणि ते नुकसान भरून येईलच असं नाही. लघवी अचानक तासाला १०० मिलीपुढे गेली की आकडा उसळणार, हे समजून घ्यावं. पोटॅशियम देत असाल तर तेही या हिशोबात धरा; त्यानेही सोडियम चढतं.

रक्त घेताना सलाईन चालू असलेला हात टाळा, नाहीतर रिपोर्ट खोटा येतो. हाताच्या मोठ्या शिरेतून देता येतं, पण सुई सरकली की आजूबाजूची त्वचा भाजल्यासारखी होते. क्लोराइडही वाढतं, बरेच दिवस दिल्यावर रक्तात आम्ल साचतं. सोडियमच्या रोजच्या घसरणीला फ्लुड्रोकॉर्टिसोनची (मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावणाऱ्या औषधाची) जोड बरी पडते. त्याने पोटॅशियम उतरू शकतं, तेव्हा त्यावर लक्ष हवं.

तक्रार एकच, पण मोठी: बाटली साध्या सलाईनच्या बाटलीसारखीच दिसते. कपाटात दोन्ही शेजारी ठेवू नयेत, आणि लावण्याआधी लेबल दोघांनी वाचावं.