प्रौढ साक्षरता वर्गासाठी कोलाज: वेष्टनं की वर्तमानपत्र?

पुण्यातल्या वस्तीत वर्ग नव्याने सुरू होत असेल, तर कोलाजला, म्हणजे छापील शब्द कापून कागदावर चिकटवून वाचायला, पहिले दोन आठवडे वेष्टनंच बरी. चहा, मसाला, आगपेटी घरचीच असते, त्यामुळे शिकायला आलेल्या बायका बुजत नाहीत. पण एक गोम आहे: अक्षर न वाचता रंग पाहूनच नाव सांगितलं जातं. म्हणून चित्र झाकायचं आणि तोच शब्द खाली काळ्या पेनाने लिहून पुन्हा वाचायला लावायचा. चकचकीत प्लास्टिकला पांढरा डिंक धरत नाही, दुसऱ्या दिवशी कोपरे सुटतात. तिथे चिकटपट्टी लावा. शिवाय बरीच वेष्टनं इंग्रजीतच असतात, ती आधीच बाजूला काढा.

वर्तमानपत्र स्वस्त आणि शब्दांनी भरलेलं. मथळ्यातली दीड-दोन सेंटीमीटरची अक्षरं घ्या, बारीक मजकूर चाळिशीपुढच्यांना दिसत नाही. मात्र सुटी अक्षरं कापू देऊ नका. शिरोरेषेवर कात्री चालली की मात्रा आणि रफार उडतात, ‘कि’ची वेलांटी शेजारच्या तुकड्यात जाते. ‘पाणी’, ‘स्वारगेट’, ‘भाडे’ असे अख्खे शब्द, वरखाली अर्धा सेंटीमीटर जागा सोडून कापा. खळ पातळ झाली की कागद सुरकुततो आणि मागची छपाई पुढे दिसते.