सिलिकॉन मोशन की फायझन? कंट्रोलर चिपच्या धंद्यात पैसे घालण्यापूर्वी

पेन ड्राइव्हचे कवच उघडले की आत सहसा दोन चिप दिसतात. मोठी असते नँड फ्लॅश मेमरीची, म्हणजे वीज बंद झाल्यावरही माहिती जपणारी. शेजारची लहान चिप म्हणजे कंट्रोलर. माहिती कोठे लिहायची, चुकलेले बिट कसे दुरुस्त करायचे आणि झिजलेला भाग वापरातून कधी काढायचा, हे सारे ती लहान चिप ठरवते. मोठी चिप बनवणे हा सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, मायक्रॉन, सॅनडिस्क अशा मोजक्या कंपन्यांचा, अब्जावधी डॉलरच्या कारखान्यांचा उद्योग आहे. लहान चिपचा धंदा स्वतःच्या कारखान्याविना चालतो, कारण आराखडा आपण करायचा आणि उत्पादन टीएसएमसीसारख्या, इतरांसाठी चिप बनवून देणाऱ्या कंपनीकडून करून घ्यायचे, अशी त्याची रीत आहे. या धंद्यात गुंतवणूक करू पाहणाऱ्यासमोर प्रथम दोन नावे येतात: अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात नोंदलेली सिलिकॉन मोशन आणि तैवानच्या बाजारात नोंदलेली फायझन. दोघींचा माल एकाच जातीचा असला तरी त्यांचा पैसा वेगळ्या वाटेने येतो.

सिलिकॉन मोशन मुख्यतः कंट्रोलरच विकते. पीसीमधील एसएसडी (फ्लॅश मेमरीवर चालणारे ड्राइव्ह) आणि मोबाइलमधील साठवणूक हे तिचे मोठे आधार असून खुद्द नँड बनवणाऱ्या कंपन्याही तिच्या ग्राहक आहेत. महागडी मेमरी विकत घेऊन पुढे विकण्याची तिला फारशी गरज नसल्याने ढोबळ नफ्याचे प्रमाण बऱ्या वर्षांत ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहते. पण म्हणून ती चढउतारांपासून सुरक्षित आहे असे नाही. २०२२ मध्ये सुमारे ९४.६ कोटी डॉलर असलेली विक्री २०२३ मध्ये ६४ कोटींच्या घरात आली, कारण पीसी आणि मोबाइलची मागणी आटताच ग्राहकांनी आधी हाती असलेला साठा संपवला. २०२४ मध्ये ती पुन्हा ८० कोटींपर्यंत वर आली.

फायझनचे गणित निराळे आहे. २००० साली स्थापन झालेली ही कंपनी एकाच चिपमध्ये बसणाऱ्या पेन ड्राइव्ह कंट्रोलरमुळे नावारूपाला आली; आज मात्र ती नँड विकत घेऊन, त्यावर आपला कंट्रोलर चढवून, तयार एसएसडीही विकते. त्यामुळे विक्रीचा आकडा भरघोस दिसतो, पण त्यातला मोठा वाटा मेमरीच्या खरेदीत जातो आणि नफ्याचे प्रमाण तुलनेने कमी राहते. नँडचे भाव चढले की स्वस्तात घेतलेला साठा महागात विकला जातो व नफा एकदम फुगतो. भाव पडले की तोच साठा गळ्यात येतो. फायझनचा शेअर घेणारा माणूस नकळत नँडच्या भावावरही पैज लावत असतो, आणि हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

तंत्रज्ञानात दोघींची चुरस खरी आहे. पीसीआयईच्या, म्हणजे ड्राइव्हला संगणकाशी जोडणाऱ्या वेगवान मार्गाच्या, चौथ्या आणि पाचव्या पिढीत ग्राहकांसाठीच्या एसएसडीमध्ये आघाडी फायझनने घेतली. मात्र पाचव्या पिढीची तिची ई२६ ही चिप १२ नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर (हा आकडा लहान तितकी चिप सहसा वीज कमी खाते) बनत असल्याने बरीच तापे आणि ड्राइव्हवर उष्णता बाहेर टाकणारा जाडजूड हीटसिंक बसवावा लागे. सिलिकॉन मोशनने उशीर केला, पण एसएम२५०८ थेट ६ नॅनोमीटरवर आणली. वीज कमी लागत असल्याने ती लॅपटॉपलाही मानवते. त्यानंतर फायझननेही ई२८ साठी ६ नॅनोमीटरचीच वाट धरली. आधी येण्याचा फायदा या धंद्यात फार दिवस टिकत नाही, असे यावरून म्हणता येते.

खरा धोका दोघींना सारखाच आहे: नँड बनवणारे स्वतःचे कंट्रोलर बनवू शकतात, आणि सॅमसंग ते करतेच. तरीही बाहेरून खरेदी चालू राहते, याचे कारण मेमरीच्याच रचनेत आहे. एका पेशीत चार बिट बसवायचे तर विद्युतभाराच्या सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात; त्यांतील अंतर इतके अरुंद असते की चुका होणारच, आणि त्या निस्तरण्याचे काम कंट्रोलरकडे येते. मेमरी जितकी स्वस्त आणि दाट, तितका कंट्रोलर अवघड. प्रत्येक नव्या पिढीसाठी लागणारा आराखड्याचा खर्च अनेक ग्राहकांत वाटून घेणारी स्वतंत्र कंपनी म्हणूनच अजून परवडते.

सिलिकॉन मोशनच्या बाबतीत एक जुनी जखमही लक्षात ठेवावी. मॅक्सलिनियर या अमेरिकी चिप कंपनीने २०२२ च्या मे महिन्यात तिच्या खरेदीचा करार केला. जुलै २०२३ मध्ये चिनी नियामकाची संमती मिळाली आणि त्याच सुमारास मॅक्सलिनियरने करार मोडला. प्रकरण लवादापर्यंत गेले. अशा कंपनीत केवळ विलीनीकरणाच्या आशेने शिरणे माझ्या मते शहाणपणाचे नव्हे.

ज्याला नँडच्या भावाचा अंदाज बांधता येत नाही, आणि बहुतेकांना तो येत नाही, त्याला मी सिलिकॉन मोशन सुचवेन. भाव तळाशी असताना शिरण्याची आणि चढल्यावर बाहेर पडण्याची शिस्त ज्याच्याकडे आहे, त्याला फायझन अधिक देऊ शकते. त्याने तिच्या तिमाही अहवालात विक्रीआधी मालसाठ्याची ओळ वाचावी. माझे मत बदलू शकेल असा एक मुद्दा उरतो, तो डेटा सेंटरचा. फायझनने तेथे पास्कारी नावाने तयार ड्राइव्ह उतरवले आहेत, तर सिलिकॉन मोशन मॉनटायटन या कंट्रोलरवर भिस्त ठेवून आहे. तेथील ग्राहक चाचण्यांत दीर्घकाळ घालवतात, त्यामुळे मॉनटायटनच्या मोठ्या ऑर्डर प्रत्यक्ष विक्रीत दिसेपर्यंत त्यांतून होऊ शकणारा नफा शेअरच्या आजच्या भावात मोजू नये.