लाइव्ह रॉक अप्रतिम, लेबल मात्र खोटं

लाइव्ह रॉकचा, म्हणजे अंगावर जीवाणू आणि छोटे समुद्री जीव असलेल्या दगडांचा, खोका उघडला आणि आधी वासच आला. लेबलवर ‘पूर्ण क्युअर केलेला, थेट टाकीत ठेवा’ असं छापलेलं. क्युअर करणं म्हणजे दगडावरचं मेलेलं सगळं निघून जाईपर्यंत तो खाऱ्या पाण्यात ठेवणं. ओल्या कागदात गुंडाळलेले ११ तुकडे, वजन २० किलो, माझ्या २०० लिटरच्या नव्या रीफ टाकीसाठी (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायच्या) मागवलेले. नीट क्युअर झालेल्या दगडाला ओल्या वाळूसारखा, समुद्राचा वास येतो. यातल्या चार तुकड्यांना कुजक्या अंड्यांचा वास होता. दोन तुकड्यांवरचा स्पंज पांढुरका, बुळबुळीत झाला होता, बोट लावलं की सुटून येत होता. मेलेलाच होता तो. हा माल अर्धवट क्युअर झालेला आहे, हे तिथेच कळलं.

दगड म्हणून मात्र माल फार सुंदर आहे. आकाराच्या मानाने हलका, म्हणजे आतून सच्छिद्र. लाइव्ह रॉकसाठी पैसे मोजायचे ते याचसाठी. बाहेरच्या थरात, जिथे ऑक्सिजन पोहोचतो, तिथले जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. खोल पोकळ्यांत ऑक्सिजन संपतो आणि तिथे वेगळे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. घट्ट, जड दगडात हे दुसरं काम फारसं होत नाही. सात तुकड्यांवर कोरलाइन, म्हणजे दगडासारखं कडक जांभळं शेवाळ होतं, कमानी आणि गुहा रचता येतील असे आकार होते. रचना करायला मला पूर्ण संध्याकाळ लागली आणि ती संध्याकाळ फार आनंदात गेली. दगड आधी तळाच्या काचेवर बसवले, वाळू नंतर टाकली. वाळूवर दगड ठेवले तर पुढे एखादा बिळं करणारा मासा खालून पोखरतो आणि ढीग कोसळतो.

मेलेला स्पंज मी आधी बादलीभर खाऱ्या पाण्यात ब्रशने घासून काढला. गोड्या पाण्यात तो धुऊ नये, जिवंत आहे तेही मरतं. टाकीतलं पाणी आरओचं, मीठ घालण्याआधी टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, मीठ घातल्यावर क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २५ अंश. दिवे बंद, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू.

दुसऱ्या दिवशी अमोनिया १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग), चौथ्या दिवशी ४. टेस्ट किटची पिवळी राहायला हवी ती नळी गडद हिरवी. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, ‘पाणी बदलू नका, सायकल थांबेल.’ सायकल म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंची टाकीत वाढ होणं. हा सल्ला चुकीचा आहे आणि नवख्या माणसाला महागात पडेल. हे जीवाणू मुख्यतः दगडावर, वाळूवर चिकटून असतात, पाण्यात नव्हे. इतक्या अमोनियात दगडावरचे किडे, स्पंज, ट्यूबवर्म (नळीत राहणारे किडे) मरायला लागतात, ते कुजतात आणि अमोनिया आणखी चढतो. मी अर्धं पाणी बदललं, दोन दिवसांनी पुन्हा अर्धं. तेव्हा कुठे आकडा १ च्या खाली आला.

नवव्या दिवशी नायट्राइट दिसू लागलं, १२व्या दिवशी अमोनिया शून्य झाला. नायट्राइट मात्र रेंगाळलं, २६व्या दिवसापर्यंत. या काळात नायट्रेटच्या टेस्टवर विसंबू नका, पाण्यात नायट्राइट असलं की बहुतेक किट नायट्रेटचा आकडा फुगवून दाखवतात. ३०व्या दिवशी, जीवाणू तयार झाले का ते बघायला, मी अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर नेला. २४ तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. त्या हिरव्या नळीनंतर ही पिवळी नळी मी कितीतरी वेळ उजेडात धरून बसलो होतो. मग नायट्रेट खाली आणायला मोठा पाणीबदल केला. नंतर दिवे लावल्यावर वाळूवर तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) थर आला. तो येतोच, आपोआप जातोही.

आता दगडांसोबत काय आलं ते. रात्री लाल टॉर्च घेऊन बसलो तर एका फटीतून ब्रिटल स्टारचे (तारामाशाच्या नात्यातला लांब बाहूंचा प्राणी) दोन बाहू हलताना दिसले. ब्रिसल वर्म (केसाळ किडे) बरेच आहेत, मी एकही काढला नाही, उरलंसुरलं खाऊन ते टाकी साफ ठेवतात. काचेवर कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, पांढऱ्या ठिपक्यांसारखे पळतात. जाळलेल्या किंवा वाळवलेल्या कोरड्या दगडातून हे काहीच मिळालं नसतं. एक ॲप्टेझियाही आला, भराभर पसरणारा उपद्रवी समुद्रफूल. नखाएवढा असतानाच त्याच्या तोंडावर सिरिंजने कल्कवासरची (विझवलेल्या चुन्याची) घट्ट पेस्ट सोडली, पंप बंद ठेवून. ओरबाडून काढायला गेलो असतो तर उरलेल्या कणांतून नवे उगवले असते.

दगडाला पाचपैकी पाच. विक्रेत्याला दोन, आणि तेही पॅकिंग ओलसर ठेवून माल लवकर पोहोचवल्याबद्दल. ‘अर्धवट क्युअर’ असं खरं छापलं असतं तरी मी हेच दगड घेतले असते. आधी मासे सोडून ठेवलेल्या टाकीत कुणी लेबलवर विश्वास ठेवून हे दगड ठेवले, तर ते मासे मरतील. हीच तक्रार मी विक्रेत्याला लेखी पाठवली आहे, अमोनियाच्या रोजच्या नोंदींसकट. उत्तर अजून आलेलं नाही.