छोटं रडार, स्टॉपवॉच आणि एक वही: ब्रिजवॉटरच्या मैदानावरचा अख्खा हंगाम

२०२५ च्या मार्चमध्ये मी खिशात मावणारं एक स्पीड रडार घेतलं. एप्रिल ते सप्टेंबर ते वापरलं, सामने मोजले तर पस्तीसच्या आसपास भरतील. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतली सगळी हातातली रडारं साधारण एकाच तत्त्वावर चालतात, त्यामुळे मला आलेल्या अडचणी कुठलंही घेतलं तरी येणारच. बेसबॉलमधले होतकरू खेळाडू स्वतःच्या डोळ्यांनी पारखायची ज्यांना आवड आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

न्यू जर्सीतलं ब्रिजवॉटर आपल्या लोकांना बालाजीच्या मंदिरामुळे माहीत असतं. त्याच गावात, रेल्वे स्टेशनला लागून, सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे. २०२१ पासून हा मेजर लीगमधल्या न्यूयॉर्क यँकीजचा डबल-ए संघ, म्हणजे होतकरू खेळाडू घडवणाऱ्या मायनर लीगमधली वरून दुसरी पायरी. यँकीजची पोरं टॅम्पाहून हडसन व्हॅलीला, तिथून इथे, मग स्क्रँटनला आणि नशीब व मेहनत दोन्ही असेल तर ब्राँक्सच्या मोठ्या मैदानावर जातात. या शिडीवरची डबल-ए ही पायरी सगळ्यात कठीण असं जाणकार मानतात. खालच्या पायरीवर नुसत्या वेगावर भागतं, इथे भागत नाही. लहानपणी कांगा लीगच्या सामन्यांना पावसात सीमारेषेजवळ उभं राहून ‘हा पोरगा रणजी खेळणार’ अशा पैजा लावायचो. तीच ओढ मला इथे पुन्हा सापडली.

रडार घ्यायचं कारण साधं होतं. ट्रिपल-ए आणि फ्लोरिडातल्या सिंगल-ए लीगच्या प्रत्येक पिचचा (फलंदाजाकडे टाकलेल्या चेंडूचा) वेग आणि फिरकी घरबसल्या बघता येते. डबल-एची तेवढी बारीक माहिती लोकांसाठी खुली नाही. म्हणजे आमच्या गावातलं मैदान नेमकं त्या अंधाऱ्या पट्ट्यात येतं. म्हटलं, आपणच मोजू.

पहिला महिना जवळजवळ वाया गेला, आणि त्यात दोष यंत्राचा नव्हता. माझी जागा पहिल्या बेसच्या बाजूला होती. रडारला चेंडू सरळ अंगावर येताना किंवा सरळ दूर जाताना हवा असतो. तुम्ही बाजूला सरकलात की आकडा कमी येतो, आणि किती कमी येतो हे कोनावर ठरतं. १० अंशांचा कोन असेल तर दीड टक्का, म्हणजे फारसं बिघडत नाही. २० अंशांना मात्र ६ टक्के जातात. ९७ मैलांचा फास्टबॉल ९१ दिसतो. (आपल्या हिशेबात ९७ मैल म्हणजे ताशी १५६ किलोमीटर. शोएब अख्तरचा विक्रमी चेंडू १६१.३ होता, म्हणजे १०० मैलांच्या किंचित वर.) ९७ आणि ९१ मध्ये माणसाचं अख्खं करिअर मावतं.

एप्रिलमधल्या एका थंड संध्याकाळी कॅम श्लिट्लर पिच करत होता. २०२२ च्या ड्राफ्टमधल्या (संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात, त्या) सातव्या फेरीचा, मॅसॅच्युसेट्सचा उंच मुलगा. माझ्या रडारवर ९०, ९१, ९० असे आकडे येत होते. मी वहीत लिहिलं: ‘फास्टबॉल ४५. शरीरयष्टी चांगली. वेग नाही.’ फलंदाज मात्र त्याच फास्टबॉलवर उशिरा बॅट फिरवत होते, एकामागून एक. ते मला दिसत होतं, तरी मी स्क्रीनवर विश्वास ठेवला. उन्हाळा सुरू व्हायच्या आत तो स्क्रँटनला गेला आणि ९ जुलैला यँकीजकडून पहिला सामना खेळला. ते पान मी फाडलेलं नाही.

४५ म्हणजे काय ते इथे सांगतो. स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू पारखणारे लोक, २० ते ८० अशी मोजपट्टी वापरतात. तिचं श्रेय ब्रँच रिकी यांना देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. मायनर लीगमधला सरासरी नव्हे, आणि सुरुवातीला डोक्यात घोळ होतो तो इथेच. ६० चांगला, ७० फार चांगला, ८० पिढीत मोजके. फलंदाजाचे पाच गुण बघतात: चेंडू नीट लागणं, ताकद, धावणं, क्षेत्ररक्षण आणि थ्रो. प्रत्येक गुणाला दोन आकडे देतात, एक आजचा आणि एक पुढे कुठवर जाईल त्याचा. पहिला आकडा द्यायला निरीक्षण लागतं. दुसरा द्यायला हिंमत लागते, आणि ती कुठलंही यंत्र देत नाही.

मे महिन्यात जागा बदलली. मधल्या वारांना गर्दी कमी असते. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा असतो त्या जागेच्या, मागे बसू का, असं तिथल्या वयस्कर व्यवस्थापक बाईंना विचारलं. त्यांनी वही बघितली आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. तिथे रडारची दुसरी मर्यादा कळली, ती म्हणजे पोहोच. पिचरच्या माऊंडपासून प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच, प्लेटच्या मागे जाळीपर्यंत आणखी पन्नासेक फूट, आणि मग रांगा. माझं रडार चेंडूएवढ्या लहान वस्तूला ११०-१२० फुटांपलीकडे नीट पकडत नाही. पहिल्या तीन रांगांत बसलं तर चेंडू हातातून सुटतानाचा आकडा मिळतो. दहाव्या रांगेत तोच चेंडू प्लेटजवळ आल्यावर सापडतो, आणि तोवर हवेच्या विरोधाने त्याचे आठेक मैल गेलेले असतात. व्यावसायिक स्काउटांकडची मोठी रडार गन याच कारणाने महाग असते. ती लांबूनही सुटतानाचा वेग पकडते.

रोजच्या वापरातल्या बाबी थोडक्यात. समोरच्या जाळीतून आकडा व्यवस्थित येतो. कॅचरने पिचरकडे परत फेकलेला चेंडूही रडार मोजतं, म्हणून मधूनच ६० वगैरे दिसतं, ते सोडून द्यायचं. बॅटला लागून परत गेलेला चेंडूही मोजतं. एकदा १०४ बघून मी उठून उभा राहिलो, तर ती पिच नव्हती, सेंटर फील्डकडे गेलेला फटका होता. बॅटरी एप्रिलच्या थंडीत सहाव्या-सातव्या इनिंगला मान टाकायची, जुलैत दोन सामने पुरायची. सुटे सेल जवळ ठेवावेत. स्क्रीन उन्हात जवळपास दिसत नाही. रविवारच्या दुपारच्या सामन्यांना मी ते टोपीच्या सावलीत धरून वाचायचो, आणि तेवढ्यात पुढची पिच निघून जायची.

या पिच निघून जाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सहा महिन्यांत मी शिकलो ते सगळं यात आहे. शेजारी एक निवृत्त स्काउट अधूनमधून येऊन बसायचे. तिसऱ्या भेटीत त्यांनी माझ्या मांडीवरचं रडार हळूच उलटं केलं. म्हणाले, पहिल्या दोन इनिंग हे असंच राहू दे. त्या दोन इनिंग मी प्रथमच पिचरचा हात बघितला. फास्टबॉलला खांद्याच्या वर असणारा हात स्लायडरला (वळणाऱ्या चेंडूला) दोन-तीन इंच खाली येत होता. मला दिसलं म्हणजे फलंदाजालाही दिसणारच. त्या दिवशी रडारने चांगले आकडे दाखवले असते आणि मी त्याला चांगले गुण दिले असते. तेव्हापासून नियम केला: पहिल्यांदा बघत असलेल्या पिचरला दोन इनिंग नुसतं बघायचं, तिसरीत रडार काढायचं, पाचवीनंतर पुन्हा काढायचं. दोन्ही वेळचा फरक हीच रडारची खरी कमाई आहे. आकडा किती यापेक्षा तो टिकतो किती हे कळतं.

जून-जुलैत माझे बाबा कराडहून आले होते. आयुष्यभर मैदानी क्रिकेट बघितलेला माणूस, बेसबॉलचा एक नियम माहीत नाही. पाहुण्या संघाचा एक डावखुरा पिचर जोरात होता, माझ्या रडारवर ९४, ९५ येत होते. चौथ्या इनिंगला बाबा म्हणाले, “दमला रे तो. पाय बघ त्याचा.” मी म्हटलं, “बाबा, वेग तेवढाच आहे.” ते म्हणाले, “वेग असू दे. मघाशी पुढचा पाय रोवत होता, आता नुसता टेकवतोय.” मी बघितलं. खरंच, पाय पडल्यावर त्याचं शरीर प्लेटऐवजी तिसऱ्या बेसकडे झुकत होतं आणि चेंडू गुडघ्याऐवजी छातीच्या उंचीवर जात होते. पुढच्या इनिंगला दोन वॉक (चार खराब चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस), मग भिंतीवर आदळलेला डबल (दोन बेसचा फटका), आणि त्याला काढलं. शेवटच्या पिचला रडारवर ९३ होते. वहीत त्या पानावर बाबांचं वाक्य आहे तसं लिहून ठेवलंय.

स्टॉपवॉचला पैसे म्हणाल तर काहीच पडले नाहीत, आणि मला ते रडारपेक्षा जास्त उपयोगी पडलं. बॅटचा आवाज आला की सुरू, पहिल्या बेसवर पाय पडला की बंद. उजव्या फलंदाजाला ४.३ सेकंद आणि डावऱ्याला ४.२ म्हणजे ५० गुण. डावरा बेसच्या एक पाऊल जवळ असतो म्हणून ही सूट. ४.० आणि ३.९ म्हणजे थेट ८०. ५० ते ८० हा अख्खा पल्ला सेकंदाच्या तीन दशांशांत बसतो, त्यामुळे अंगठा एक दशांश चुकला तर एक पायरी चुकली. मी सुरुवातीला बॅट फिरताना दाबायचो, आवाजावर दाबायची सवय लागायला महिना गेला. शिवाय खेळाडू जीव तोडून धावला तेव्हाचाच वेळ धरायचा. साध्या ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) अर्ध्यातून मंद होणाऱ्याचा वेळ लिहून काहीच कळत नाही. (तो मंद झाला, हे मात्र लिहावं.)

कॅचरवर घड्याळ लावण्यात तर वेगळीच गोडी आहे. चेंडू त्याच्या ग्लोव्हात आल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हात पोचेपर्यंत २ सेकंद म्हणजे सरासरी, १.९ चांगलं. पिचर हालचाल सुरू करून चेंडू प्लेटपर्यंत पोचवायला १.३ घेतो. दोन्ही मिळून ३.३. धावपटू दुसऱ्या बेसपर्यंत त्याहून लवकर पोचत असेल तर बेसची चोरी साधली, नाहीतर बाद. एकदा हा हिशेब डोक्यात बसला की बेस चोरण्याआधीच्या शांततेत तुम्ही काठावर येऊन बसता.

जिथे दोन्ही यंत्रं बाजूला ठेवावी लागली असे दोन खेळाडू सांगतो. जॉर्ज लोम्बार्ड ज्युनियर, २०२३ चा पहिल्या फेरीचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), मे महिन्यात हडसन व्हॅलीहून आला. तिथे त्याची फलंदाजीची सरासरी .३०० च्या वर होती, इथे सरासरी .२२५ च्याही खाली घसरली. पण तो जूनमध्ये नुकता वीस वर्षांचा झाला होता, आणि त्याच्यासमोर त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे पिचर होते. मी सलग तीन सामने फक्त त्याच्या पायांकडे बघितलं. चेंडू बॅटला लागायच्या क्षणी त्याचं पहिलं पाऊल पडलेलं असतं, आणि खराब चेंडूवर तो बॅट रोखतो. दुसरा स्पेन्सर जोन्स. ६ फूट ७ इंचांचा डावरा आउटफिल्डर, २०२४ मध्ये याच मैदानावर खेळताना हंगामात २०० वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झालेला. त्यावरून त्याला मोडीत काढणारे खूप होते. २०२५ मध्ये सॉमरसेट आणि स्क्रँटन मिळून त्याने ३५ होमरन मारले. स्ट्राइकआउटची चिंता अजून आहेच, ती मलाही आहे. तरी त्याच्या पानावर ताकदीपुढे मी ७० लिहिलं आणि ते बदलणार नाही.

उलट बाजूने कार्लोस लाग्रांज. डोमिनिकन, तोही ६ फूट ७ इंच. तोवर मी जागा आणि कोन दोन्ही शिकलो होतो, आणि रडारवर तीन आकडी वेग बघायची माझी हौस त्याने पुरवली. हंगामात हडसन व्हॅली आणि सॉमरसेट या दोन्ही संघांकडून मिळून दीडशेहून जास्त फलंदाज त्याने स्ट्राइकआउट केले. पण वॉकही देतो. फास्टबॉल ७०, नियंत्रण ४०, असं लिहिलं. सांगायचं तर रडार ऐकून मी श्लिट्लरला कमी लेखलं होतं, आणि लाग्रांजला फार चढवून ठेवण्यापासून वाचलो तेही रडार खाली ठेवायला शिकलो म्हणूनच.

२ ऑक्टोबरच्या रात्री घरी टीव्हीवर यँकीज आणि रेड सॉक्सचा वाइल्ड कार्डचा, म्हणजे बाद फेरीच्या पहिल्या टप्प्याचा, निर्णायक सामना लागला होता. माऊंडवर श्लिट्लर. आठ इनिंग, बारा स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही, एकही रन नाही. वेग शंभरच्या पलीकडे जात होता. यँकीज ४-० ने जिंकले. मी वही उघडून एप्रिलचं पान समोर ठेवलं होतं. त्यातली ‘शरीरयष्टी चांगली’ एवढीच ओळ बरोबर होती. फलंदाज उशिरा बॅट फिरवतायत हे मी तेव्हा बघितलं होतं आणि लिहिलं नव्हतं, याची हळहळ मला वेगाच्या चुकीपेक्षा जास्त वाटते.

घ्यावं का? मुलगा किंवा मुलगी पिचिंग करत असेल तर जरूर घ्या. अंगणात चाळीस फुटांवरून ते अचूक चालतं, माझ्या मुलीच्या सॉफ्टबॉल सरावाला आम्ही दर शनिवारी वापरतो. २००८ साली भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची चेंडू फेकण्याची जी स्पर्धा झाली आणि ज्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोघे पायरेट्सच्या मायनर लीगपर्यंत पोचले, तिथेही पहिली चाळणी वेगाचीच होती. सुरुवात करायला वेग चांगला आहे. मैदानावर वापरणार असाल तर आधी पुढच्या रांगेतली जागा मिळते का बघा, आणि मिळत नसेल तर पैसे त्या तिकिटावर घाला. महिनाभर स्टॉपवॉच आणि वही घेऊन बसा. रडार नंतरही घेता येतं.

मी माझं विकणार नाही. पुढच्या हंगामासाठी पहिल्या बेसच्या बाजूचं तिकीट सोडलं आणि होम प्लेटच्या थेट मागे, तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या घेतल्या. बाबा मेमध्ये पुन्हा येतायत.