कुजबुज की पाऊस?

परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या भाचीने विचारले, की रात्री एएसएमआरचे (म्हणजे मंद, हळुवार आवाजांनी मन शांत करू पाहणारे) कुजबुजीचे व्हिडिओ लावावेत की नुसता पावसाचा आवाज. शेफील्ड विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात, असे व्हिडिओ पाहून ज्यांच्या डोक्यात सुखद झिणझिण्या येतात, त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी तीनने मंदावले; मात्र झिणझिण्या सर्वांनाच येत नाहीत, आणि काहींना तर त्या आवाजाची चीडच येते (मला येते). पावसाचा आवाज शेजारचा टीव्ही आणि रस्त्यावरचे हॉर्न बऱ्याच अंशी झाकतो. कुजबुजीला इअरफोन लागतात, आणि मध्येच जाहिरात किंचाळली की सगळ्यावर पाणी. पावसाची ध्वनिफीत एकदा उतरवून घेतली, की डेटाही लागत नाही.

झिणझिण्या येणाऱ्याने कुजबुज ऐकावी, गोंगाटाने जाग येणाऱ्याने पाऊस लावावा. धडधड रोजचीच झाली असेल, तर दोन्ही अपुरे. तेव्हा डॉक्टरांकडेच जावे.