खाऱ्या वाऱ्यात रेलिंग: 304 की 316?

मालवण असो वा हर्णै, समुद्रासमोरच्या घराला स्टेनलेस स्टीलचं रेलिंग म्हटलं की फॅब्रिकेटर आधी 304चाच दर सांगतो. 304 आणि 316 हे या स्टीलचे दोन प्रकार. क्रोमियम आणि निकेल दोन्हींत असतं; 316मध्ये वर 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम हा धातू. मिठातल्या क्लोराइडमुळे पडणारे बारीक खड्डे तेच आवरतं.

304वर चहासारखे तपकिरी डाग येतात. तेही पावसाने धुतल्या जाणाऱ्या भागापेक्षा छपराखालच्या आडोशाला जास्त, कारण तिथलं मीठ तसंच साचून राहतं.

लोहचुंबकाने फरक कळत नाही. मॉलिब्डेनम तपासायच्या द्रावणाचा थेंब टाकून घ्या, नाहीतर 316च्या पैशात 304 गळ्यात पडायचं.

आणि महागडं 316ही कारागिरीत मार खातं. लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकती इथे वापरली, तर लोखंडाचे कण रुतून तेच गंजतात. वेल्डिंगसाठी 316एलचीच (कमी कार्बनच्या 316ची) रॉड हवी. जोडावरचा निळा-काळा पट्टा पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढून भरपूर पाण्याने धुवायचा. खरखरीत ब्रश फिनिशपेक्षा गुळगुळीत पॉलिश बरं, मीठ कमी धरतं.

दर्यासमोर 316च. स्वयंपाकघराच्या सिंकला मात्र 304 पुरे. फक्त फरशीचं ॲसिड दोन्हींपासून लांब ठेवा.