वॉरहॉल की लिख्टेनस्टाइन?

भाचीला खोलीच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने पॉप आर्ट हवंय, म्हणजे जाहिराती, कॉमिक, सिनेतारका अशा रोजच्या गोष्टींवरची चित्रं. त्यातले दोन बडे अमेरिकन चित्रकार, अँडी वॉरहॉल आणि रॉय लिख्टेनस्टाइन; कुणासारखं करू, यावर आठवडाभर घोळ चाललाय.

आधी खर्च. वॉरहॉलची पद्धत म्हणजे सिल्कस्क्रीन: ताणलेल्या जाळीतून शाई दाबून चित्र छापायचं. चौकट, जाळी, स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी), शाई हे सगळं आणावं लागतं. लग्नपत्रिका छापणाऱ्याशी ओळख असेल तर निम्मं काम होतं. लिख्टेनस्टाइनची चित्रं कॉमिकसारखी, ठिपक्यांनी भरलेली; त्याला ठिपक्यांसाठी भोकांचा पत्रा, ब्रश आणि चार रंग पुरतात.

मेहनतीत मात्र उलटं आहे. स्क्रीन एकदा तयार झाली की छापे भराभर निघतात. वॉरहॉलच्या १९६२च्या ‘मॅरिलिन डिप्टिक’ या जोडचित्रात अभिनेत्री मॅरिलिन मन्रोचा एकच चेहरा ५० वेळा आहे. लिख्टेनस्टाइनचे ठिपके मान मोडून, ओळ सांभाळत भरावे लागतात. १९६३चं त्याचं ‘व्हॅम!’ दोन कॅनव्हास मिळून सुमारे चार मीटर रुंद आहे, आणि मूळ चित्र कॉमिकमधली एक चौकट!

खरा फरक चुकांचा. ‘डिप्टिक’ची उजवी बाजू पाहा: कुठे शाई साचून चेहरा काळा पडलाय, कुठे इतका फिकट की जेमतेम दिसतो. तिथे तेच चित्राचं बळ आहे. लिख्टेनस्टाइनकडे एक ठिपका ओघळला तरी डोळ्यात खुपतो.

घाई असेल, हात कच्चा असेल, मैत्रिणींनाही प्रती द्यायच्या असतील तर वॉरहॉल. एकच मोठं चित्र हवं असेल आणि सुट्टी हाताशी असेल तर लिख्टेनस्टाइन. भाचीचा धीर मला माहीत आहे. मी जाळीची चौकशी करून ठेवलीय.